चौदावी मॅच

किटली प्रेसमध्ये सापडली तेव्हाच मी ठरवलं, की हे उनाला सांगायचं नाही.

प्रेस म्हणजे इकडे कपाट. किटली कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याशेजारी नीट उभी होती आणि गरम होती. गार किटली कपाटात सापडली असती तर तिला आवराआवर म्हणता आलं असतं. गरम किटली कपाटात म्हणजे लक्षण.

उना ही मार्टी गिल्सनन यांची मुलगी. ती नास नावाच्या दुसऱ्या गावी राहते आणि दर रविवारी दुपारी तीनला फोन करते. मार्टी एक्याण्णव वर्षांचे, घर त्यांचं, गाव डब्लिनजवळचं नावन. मी त्यांचा भाडेकरू, एका कंपनीत डेटाचं काम करणारा. आधी ही खोली माझ्या गावच्या हृषीकेशकडे होती. तो इथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. कोविड आल्यावर, आपल्यामुळे म्हाताऱ्याला काही व्हायला नको म्हणून तो दुसरीकडे राहायला गेला आणि जाताना धाकट्या भावाला जुना शर्ट द्यावा तशी ही खोली मला देऊन गेला. मार्टी खोलीबरोबर आले.

इंग्रजीत अहो-जाहो नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी मी सवयीने प्रत्येक वाक्यामागे 'सर' लावत होतो. "पोरा," मार्टी म्हणाले, "माझी शाळा सुटून पंच्याहत्तर वर्षं झाली." तेव्हापासून तोंडाने मार्टी, मनात आजोबा.

डिसेंबरपर्यंत मार्टी हे रेल्वेतून निवृत्त झालेले कारकून होते. ख्रिसमसनंतर पुन्हा लॉकडाऊन लागला, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी आली आणि मार्टी एकदम ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटू झाले.

तसं त्यांनी सांगितलं अगदी सहज, अंडं सोलता सोलता. एकोणीसशे एक्कावन्न ते चोपन्न. मेलबर्नजवळ वॅरिंडा नावाचा क्लब. तिकडे ते रेल्वेत कामाला गेले होते आणि क्लबला माणसं कमी पडत होती. खेळही त्यांनी मला त्या अंड्यावरच समजावला. चेंडू साधारण असाच, फक्त मोठा. मैदान क्रिकेटचंच, हिवाळ्यात रिकामं पडलेलं. अठरा विरुद्ध अठरा. समोरच्याच्या खांद्यावर गुडघा देऊन उडायचं आणि चेंडू झेलायचा. मधल्या दोन खांबांतून मारला तर सहा गुण. चुकून बाजूच्या खांबांमधून गेला तर एक.

"चुकल्याचा एक गुण?" मी विचारलं.

"प्रयत्न केला म्हणून."

मला हा खेळ तिथेच आवडला. दहावीला गणितात अशी सोय असती तर आज मी कुठल्या कुठे असतो.

"तुम्ही किती मॅच खेळलात?"

"चौदा. तेरा हरलो, एक जिंकलो."

आणि मग त्यांनी समोरच्याच्या खांद्यावर कसं उडायचं ते दाखवायला घेतलं. समोरचा म्हणजे मी. मी भिंतीला पाठ लावून खाली बसलो, म्हणून दोघंही वाचलो.

उनाला यातलं काहीच पटलं नाही. "आईने त्याच्याबरोबर बावन्न वर्षं संसार केला," ती फोनवर म्हणाली, "तिने कधी हे ऐकलं नाही." मार्टींचं म्हणणं, ऑस्ट्रेलिया या विषयाला बायकोने लग्नाआधीच बंदी घातली होती. तिकडे कोणी डोरीन होती. हे ऐकून उनाचा फुटबॉलवरचा अविश्वास वाढला आणि त्यात डोरीनची भर पडली.

मग तिने मार्टींना फोन ठेवायला लावला आणि मला वेगळा केला.

"ओजस, तू डेटावाला ना? मग डेटा आण. त्या क्लबला लिही. डॅडी खरंच खेळला असेल तर ग्रँड, डोकं शाबूत आहे, राहू दे घरी. नसेल, तर हे सगळं तो मनाने रचतोय आणि मी त्याला तिथे ठेवू शकत नाही. इथे एका नर्सिंग होममध्ये जागा आहे. अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत धरून ठेवतो म्हणालेत."

"पण मी आहे ना इथे."

"तू भाडेकरू आहेस, लव्ह."

त्या दिवसांत नर्सिंग होममध्ये भेटायला कोणाला आत सोडत नव्हते. लोक खिडकीबाहेर उभे राहून काचेला हात लावत, आतला माणूस आतून हात लावी. हे टीव्हीवर रोज दाखवत. मार्टी ब्रेडला लोणी लावत एकदा ते पाहत होते. "मला तिथे नेलं तर मी ईस्टर बघणार नाही," ते म्हणाले आणि ब्रेडच्या कडेपर्यंत लोणी व्यवस्थित पोचवलं. आवाजात काही नव्हतं. बस चुकेल असं सांगावं तसं.

तर मी वॅरिंडा क्लबला लिहिलं. त्यांच्या वेबसाइटवर जुन्या खेळाडूंच्या नोंदी मागवायचा एक फॉर्म होता. एक चौकट पूर्ण नावाची, एक वर्षांची, बस. मी लॅपटॉप घेऊन मार्टींसमोर बसलो.

"वडिलांचं नाव?"

"जोसेफ. का?"

"फॉर्मला लागतं."

"ते कधी खेळले नाहीत," मार्टी म्हणाले.

मी नाव भरलं, वर्षं भरली, पाठवून दिलं. आयुष्यात मी इतके फॉर्म भरलेत की माझी बोटं हे काम मला न विचारता करतात.

बारा दिवसांनी सकाळी उत्तर आलं. बेव्हर्ली नावाच्या बाई होत्या. क्लबचं जुनं रजिस्टर त्या हौसेने सांभाळतात. त्यांनी लिहिलं होतं, की पन्नास ते सत्तावन्न सगळी पानं मी दोनदा पाहिली, वाईट वाटतं, पण तुम्ही दिलेल्या नावाचा माणूस आमच्याकडे कधी खेळलेला नाही.

स्वयंपाकघरात मार्टी शिट्टी वाजवत होते. मी लॅपटॉप मिटला. मग पुन्हा उघडला, मेल पुन्हा वाचली. तीच होती.

हृषीकेशला फोन लावला.

"कॉन्फॅब्युलेशन," तो म्हणाला. "मेंदूला भोक पडलं की मेंदू ते गोष्टीने बुजवतो. माणूस खोटं बोलत नसतो रे. त्याला ते खरंच आठवत असतं."

"पण बुजवायचंच तर माणूस तेरा मॅच कशाला हरेल? मी असतो तर कप जिंकला असता."

"तू आहेसच फेकू. हा वेगळा प्रकार आहे. अजून काही दिसतंय का?"

मी किटलीबद्दल गप्प राहिलो.

"त्यांना महिने उलटे म्हणायला सांग," हृषीकेश म्हणाला. "डिसेंबर, नोव्हेंबर असे. साधी टेस्ट आहे."

मी मार्टींना गंमत म्हणून विचारतोय असं दाखवत विचारलं. त्यांनी डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत एका श्वासात म्हणून दाखवले. "आता तू," म्हणाले. मी जुलैला अडकलो. मग सात दिवस मला स्वतःचीच काळजी लागून राहिली.

रविवारी उनाने विचारलं, "आलं का उत्तर?"

"कोविडमुळे त्यांचं ऑफिस बंद आहे," मी म्हणालो.

"बरं. अठ्ठावीस तारीख, लक्षात आहे ना?"

लक्षात होती. दात घासताना होती, टीम मीटिंगमध्ये होती, मार्टींना लस द्यायला दवाखान्यात नेलं तेव्हाही होती. मी मार्टींवर पाळत ठेवायला लागलो. चष्मा कुठे ठेवतात, गॅस बंद करतात का, माझं नाव बरोबर घेतात का. ते मला 'ओजेस' म्हणत. पण ते पहिल्या दिवसापासून, त्यामुळे ते धरता येत नव्हतं. रोज रात्री जेवताना ते एकेक मॅच सांगत. चौथ्या मॅचमध्ये त्यांचा एकमेव फटका बाजूच्या खांबांमधून गेला, एक गुण मिळाला. सातव्यात कोणा कसायाच्या कोपराने दात पडला. ते तोंड उघडून जागा दाखवत. मी बघत असे. दात खरंच नव्हता. पण एक्याण्णवाव्या वर्षी दात नसणं हा पुरावा धरला, तर या देशात फुटबॉलपटूच फुटबॉलपटू निघतील.

मार्टींना मी मेलबद्दल सांगितलं नव्हतं. ते रोज विचारत, "वॅरिंडावाले काय म्हणतात?" मी म्हणे, "वाट बघतोय." ते म्हणत, "ग्रँड." हा ग्रँड मला दिवसेंदिवस जड जात होता.

चौदा फेब्रुवारीच्या रविवारी उनाचा फोन आला तो नेहमीप्रमाणे स्पीकरवर. हवा, लस, शेजारच्यांचा कुत्रा, सगळं बोलून झालं. मग मार्टी मधेच म्हणाले, "उना, या घरात आणखी एक माणूस राहतो."

मी खुर्ची फोनजवळ ओढली.

"कोण, डॅडी?"

"तो बुवा, मुरलीधर. आठवड्याला एक तरी पत्र येतं त्याचं. मी टेबलावर ठेवतो, संध्याकाळी नसतं. माणूस मात्र आजवर दिसला नाही. लाजाळू असेल."

"ओजस," उना अगदी शांतपणे म्हणाली, "स्पीकर बंद कर."

मी घाबरून भलतंच बटण दाबलं आणि आवाज वाढला.

"उना, ऐका. मुरलीधर आहेत. म्हणजे इथे नाहीत. ते माझे वडील."

"तुझे वडील तिथे राहतात?"

"नाही, ते अंबाजोगाईला. पत्रं माझी असतात."

"मग त्यांच्या नावाने का येतात?"

"कारण मीच मुरलीधर आहे." हे मलाच बरं वाटलं नाही, म्हणून पुढे जोडलं, "सरकारी अर्थाने."

मार्टी माझ्याकडे नव्या नजरेने बघत होते.

मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. आमच्याकडे शाळेत पूर्ण नाव लिहायचं म्हणजे आधी आडनाव, मग आपलं नाव, शेवटी वडिलांचं. माझ्या दहावीच्या मार्कशीटवर तसंच आहे, टेकाळे ओजस मुरलीधर. पासपोर्टच्या एजंटने ते उचलून जसंच्या तसं चिकटवलं. तुमच्याकडे शेवटचं नाव ते आडनाव, म्हणून विमानातून उतरल्यापासून मी मिस्टर मुरलीधर. या देशाच्या नोंदीप्रमाणे डब्लिनमध्ये मास्टर्स माझ्या वडिलांनी केलं. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त मास्तर, हैदराबादच्या पलीकडे गेलेले नाहीत. त्यांना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "मला किती टक्के पडले?"

उना हसली. बऱ्याच आठवड्यांनी. "म्हणजे इकडच्या एखाद्या यादीत तुला शोधायचं," ती म्हणाली, "तर टी खाली बघून उपयोग नाही. टी मध्ये तू नाहीसच."

"नाहीच," मी म्हणालो. "एम खाली बघायचं. वडिलांच्या—"

आणि पुढचं वाक्य माझ्या तोंडात राहिलं.

मी फोन मार्टींच्या हातात दिला आणि वर पळालो. पाठवलेला फॉर्म उघडला. पूर्ण नावाच्या चौकटीत माझ्या बोटांनी, मला न विचारता, लिहिलं होतं: गिल्सनन मार्टिन जोसेफ.

मेलबर्नच्या त्या बिचाऱ्या बाई सत्तर वर्षांपूर्वीच्या रजिस्टरमध्ये 'जोसेफ' आडनावाचा माणूस शोधत बसल्या होत्या. दोनदा. म्हणजे मी मार्टींना नाही, त्यांच्या वडिलांना खेळायला पाठवलं होतं. आणि त्या एका चौकटीवर एका म्हाताऱ्याला घराबाहेर काढायची तयारी चालली होती.

मी खाली येऊन मार्टींना विचारलं, "तुमचं पूर्ण नाव काय? फक्त तुमचं. वडिलांचं नको."

"मार्टिन अलॉयशस गिल्सनन. का?"

"फॉर्मला लागतं."

"पुन्हा?"

बेव्हर्लीबाईंना मी माफी मागून दुसरी मेल लिहिली. लगेच आपोआप उत्तर आलं, की मेलबर्नला पाच दिवसांचा लॉकडाऊन आहे, ऑफिस बंद. मी उनाला मारलेली थाप शेवटी खरी झाली. माझ्या थापा खऱ्या होतात तेव्हा नेहमी नको त्या वेळी होतात. उनाला खरं सांगायचं तर आधीची मेल लपवली होती हेही सांगावं लागणार. मी ते उत्तर येईपर्यंत पुढे ढकललं. उत्तर आलंच नाही तर काय, हा विचार मात्र मी कुठेच ढकलू शकलो नाही.

पंचवीस तारखेला सकाळी मेल आली. 'गिल्सनन, एम. ए.' सोबत संघाचा फोटो होता. मागच्या रांगेत उजवीकडून तिसरा एक तरुण, हाताची घडी, दोन्ही कान दोन दिशांना निघालेले. तेच कान खाली टोस्ट खात होते. मला खुर्चीत नाचता येईल तेवढा मी नाचलो.

मग पुढचं वाचलं. सामने तेरा. विजय शून्य. गोल शून्य. चुकलेल्या फटक्याचा गुण एक.

तेरा.

हृषीकेशला फोन लावला. तो म्हणाला, "तेरा काय, चौदा काय. माझ्या आईला माझं वय दरवर्षी वेगळं आठवतं. सोड ना यार."

"पण जी एक जिंकले म्हणतात तीच नाहीये रे यात."

"अच्छा," तो म्हणाला. "मग जरा..."

"मग जरा काय?"

"राउंडला जातो," म्हणाला आणि खरंच गेला.

मी दोन्ही मेल उनाला पाठवल्या. जुनीसुद्धा, खाली माझा कबुलीजबाब जोडून. तिने उत्तरात एवढंच लिहिलं: रविवारी व्हिडिओ लाव.

रविवार, अठ्ठावीस. मी मार्टींना दाढी करायला लावली. लॅपटॉप ब्रेडच्या डब्यावर ठेवला. उना पडद्यावर आली ती चष्मा लावून, हातात कागद घेऊन. माझ्याकडे तिने एक नजर टाकली. ती मी भाड्यासारखी मुकाट्याने भरली.

"कान तुझेच आहेत, डॅडी," ती म्हणाली.

"गर्दीत उपयोगी पडायचे."

"तू किती मॅच खेळलास?"

टेबलाखाली मी माझा पाय मार्टींच्या पायावर ठेवला. अलगद. तेरा म्हणा, हा एवढाच त्याचा अर्थ होता.

"चौदा. आणि ओजेस, तुझा पाय माझ्या पायावर आहे."

मी पाय काढला.

"इथे तेरा लिहिल्यात," उना म्हणाली.

"मग त्यांचं चुकलं."

"यात जिंकलेली नाहीये. तेवढी एकच नाहीये." तिने कागद खाली ठेवला. तिचा आवाज आता फोनवरच्यासारखा राहिला नव्हता. "डॅडी, ती मॅच मला सांग. नीट आठवून."

मार्टींनी आठवायला वेळ घेतला नाही, याचीच मला भीती वाटली.

"पाऊस होता. अठरा जण आत, दोन राखीव. मी एकोणिसावा. बाकावर बसलेलो, खांद्यावर घोंगडी. कोणाला लागलं तर मी आत जाणार. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आमच्या कर्णधाराचा पाय मुरगळला. मी घोंगडी काढली. तो उठला, उड्या मारून बघितल्या, पुन्हा पळायला लागला. मी घोंगडी घेतली. दोन गुणांनी जिंकलो आम्ही."

"म्हणजे तू आत गेलासच नाहीस."

"गरज पडली नाही."

"मग तू ती खेळला नाहीस, डॅडी. म्हणून त्यांनी धरली नाही."

"उना," मार्टी म्हणाले, "माझे बूट बांधलेले होते."

पडद्यावर उनाने चष्मा काढला. मला वाटलं, चित्र अडकलं. मग दिसलं की तिचे खांदे हलताहेत. ती रडतेय की हसतेय हे आमच्या इंटरनेटवर नीट कळत नव्हतं.

"मी झाले तेव्हा," ती माझ्याशी बोलत होती, "हा हॉस्पिटलच्या बाहेर गाडीत बसून होता. सहा तास. आत आलाच नाही. आणि पुढे आयुष्यभर गावाला सांगत फिरला, आम्ही दोघांनी मिळून पार पाडलं."

"इंजिन चालू ठेवलं होतं," मार्टी म्हणाले.

"देवा. हे डोकं बिघडलेलं नाही. हे पहिल्यापासूनच असं आहे." तिने नाक पुसलं. "उद्या मी त्या लोकांना फोन करते. जागा दुसऱ्या कोणाला देऊ देत. सध्यापुरतं." मग माझ्याकडे वळून, "आणि तू, मिस्टर मुरलीधर. पुन्हा माझ्यापासून मेल लपवलीस तर बघ. डॅडीचं काहीही वेगळं दिसलं, काहीही, तर मला सांगशील?"

"सांगेन," मी म्हणालो. मला किटली आठवली. मी तोंड उघडलं, पण तोवर मार्टींनी बाय म्हणून लॅपटॉप मिटला होता. ते यंत्र बंद करायची त्यांची तीच पद्धत.

संध्याकाळी मी वरण-भात केला. मार्टी त्याला पिवळं सूप आणि तांदूळ म्हणतात आणि दोन्ही वेगवेगळे खातात. टेबलावर शुक्रवारी आलेलं पत्र अजून पडलं होतं. मार्टींनी ते उचललं, पत्ता लांब धरून वाचला आणि पाण्याच्या जगला टेकवून उभं केलं.

"मुरलीधर जेवला का?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. हसू नव्हतं, हसू दाबल्याची खूणही नव्हती. ते ब्रेडला लोणी लावत होते, कडेपर्यंत. मी वाट बघितली. ते पण.

"अजून नाही," मी म्हणालो.

"मग त्याचंही वाढ. लाजाळू माणसाला विचारावं लागतं."

मी ताटं काढायला प्रेस उघडली. कॉर्नफ्लेक्सच्या शेजारी किटली होती. मी तिला हात लावला आणि तसाच ठेवला, खात्री होईपर्यंत.

गार होती. मी तीन ताटं घेतली.